कोंबड्या अंग का धरत नाहीत? रक्त, खाद्य आणि जागा एकेक करून तपासायची पद्धत

"पिल्लं अंग धरत नाहीत, खाद्य बदलू का?" ज्याच्या परसात वीस कोंबड्या आहेत तोही हे विचारतो आणि पाचशेची शेड असलेलाही. मी उलट तीन प्रश्न करतो. पिल्लं कुठल्या जातीची? शेवटचं वजन कधी केलं? आणि लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली पसरलेला तूस, मुठीत घेऊन दाबून बघितलंय का? बहुतेकदा तिन्हींना "नाही" किंवा "माहीत नाही" असंच उत्तर येतं. मग माणूस त्यातल्या त्यात सोपं ते करतो: खाद्याचं पोतं बदलतो.

पक्षी किती वाढू शकतो याची शीव रक्त आखतं, म्हणजे आईबापांकडून आलेला वाण. खाद्य त्याला त्या शिवेपर्यंत नेतं. जागा, म्हणजे ऊन, दमटपणा, थंडी, गर्दी, वाटेत त्यातलं कापून घेते. तपासायचंही याच क्रमाने, कारण रक्तात नाही ते पोत्यातून आणता येत नाही.

सगळ्यात आधी काटा

भाजीवाल्याकडे असतो तसा साधा डिजिटल काटा घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी खाद्य टाकण्याआधी वजन करा. संध्याकाळी वजन केलंत तर पोटातलं खाद्य आणि पाणीही मोजलं जाईल.

पक्षी पन्नासच्या आत असतील तर सगळे मोजा. जास्त असतील तर निदान पन्नास. पण शेडमध्ये शिरून हाताला लागेल तो पकडू नका. हाताला लागतात ते मंद आणि अशक्त पक्षी, चपळ आणि तगडे निसटतात, आणि सरासरी उगाच खाली येते. पत्र्याचं चिक गार्ड (पिल्लांभोवती लावतात ते कुंपण) किंवा जाळी लावून एक घोळका अडवा आणि त्यात जेवढे सापडतील तेवढे एकूणएक मोजा. प्रत्येकाचं वजन वेगळं लिहा. एका पोत्यात दहा पक्षी घालून वजन करणारे आहेत, पण त्यात पक्षी-पक्षी फरक दिसत नाही, आणि आपल्याला नेमका तोच बघायचा असतो.

समजा पन्नास पक्ष्यांची सरासरी ८०० ग्रॅम आली. तिच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे ७२० ते ८८० ग्रॅममध्ये किती पक्षी बसतात ते मोजा. चाळीस बसले तर कळप एकसारखा आहे. तीसच बसले तर कुठेतरी पाणी मुरतंय. नर आणि तलंगा, म्हणजे तरुण माद्या, एकत्र असतील तर फरक मुळातच जास्त दिसतो, कारण नर लवकर जड होतात. म्हणून तुरे ओळखू येऊ लागले की दोघांची नोंद वेगळी करा.

या वहीवरून तीन चित्रं निघतात. सगळे एकसारखे पण सगळेच हलके असतील तर आधी रक्ताकडे आणि मग खाद्याच्या प्रतीकडे बघायचं. काही भरलेले, काही काडीसारखे असतील तर भांडी कमी पडताहेत, गर्दी आहे, जंत किंवा रक्ती हगवण आहे, नाहीतर पहिला आठवडा बिघडलेला आहे. आणि वाढ चांगली चालू असताना एखाद्या आठवड्यात थबकली तर त्या आठवड्यात काय बदललं ते आठवायचं: नवं पोतं, लस, पावसाची झड, उन्हाची लाट.

रक्त: शीव किती दूर आहे

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी १९५७ आणि १९७८ सालचे मांसल कोंबड्यांचे वाण पुढे निवड न करता तसेच जपून ठेवले होते. त्यांच्या जोडीला २००५ सालचा ब्रॉयलर घेतला आणि तिघांनाही एकच खाद्य, एकाच पद्धतीने दिलं. ५६ व्या दिवशी १९५७ चा पक्षी भरला ९०५ ग्रॅम, १९७८ चा १८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४२०२ ग्रॅम. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. "ब्रॉयलरला इंजेक्शन देतात" असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला की मी हे तीन आकडे सांगतो. पोतं एकच होतं, पन्नास वर्षांची निवड वेगळी होती.

आता आपल्याकडे या. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, खुडूक बसते, पिल्लं काढते, घारीपासून पळते. मोठी झाली तरी तिचं वजन सव्वा-दीड किलोच्या घरात. तिला ब्रॉयलरचं महाग खाद्य घातलंत तर ती थोडी लवकर वाढेल, पण शीव ओलांडणार नाही. तुमचा खर्च मात्र ओलांडेल. कडकनाथही तसाच. तो झाबुआचा पक्षी, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किलो-सव्वा किलोवर यायला तो पाचेक महिने घेतो. महिन्यात तयार होईल असं कुणी सांगितलं तर ते पिल्लं विकण्यासाठी सांगितलेलं असतं.

मधली फळी म्हणजे सुधारित जाती. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया, बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्राची असिल रक्ताची निर्भीक. वनराज मांस आणि अंडी दोन्हींसाठी. परसात नीट सांभाळला तर नर सहा महिन्यांत दोन किलोच्या पुढे जातो. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची, तिच्याकडून वजनाची अपेक्षा ठेवू नये. असिल हा झुंजीचा पक्षी, हाडापेराने मोठा, पण सावकाश वाढणारा. पिल्लं घेताना पावतीवर जातीचं नाव लिहून मागा. बाजारात "गावरान" या एका शब्दाखाली रंगीत ब्रॉयलरपासून सोनाली या संकरित कोंबडीपर्यंत सगळं विकलं जातं.

रक्ताच्या बाबतीत घरोघरी होणाऱ्या दोन चुका आहेत.

पहिली: तोच कोंबडा वर्षानुवर्षं. दिसायला देखणा असतो, घरात लाडका असतो, म्हणून कुणी काढत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो स्वतःच्या लेकी आणि नातींवर फिरत असतो. पिल्लांचा आकार घटतो, अंडी कमी फुटतात, मरतूक वाढते, आणि लोक म्हणतात, "आता पूर्वीसारख्या कोंबड्या राहिल्या नाहीत." दर वर्षा-दीड वर्षाने कोंबडा बदला, तोही शेजाऱ्याचा नको, त्याचा बहुधा तुमच्याच कोंबड्याचा भाऊ असतो. दोन गावं ओलांडून आणा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

दुसरी: वनराज किंवा गिरिराजची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून पुढची पिढी काढणं. हे संकरित पक्षी. त्यांच्या पोटची पिल्लं आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत. एक बापासारखं, एक पणजीसारखं, आणि कळपाची सरासरी उतरते. सुधारित जातीची पिल्लं दर वेळी उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. तो खर्च हिशेबात धरा.

आणखी एक बारकावा. पिल्लाचं जन्मवजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. ४० ग्रॅमच्या अंड्यातून २७ ग्रॅमचं पिल्लू निघतं, ६० ग्रॅमच्या अंड्यातून ४० चं. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची चिमुकली अंडी उबवायला ठेवलीत तर पिल्लं शर्यतीत मागूनच निघतात.

पहिले सात दिवस

रक्त आणि खाद्य यांच्या मध्ये हा आठवडा येतो, आणि इथे गेलेलं बरंचसं परत येत नाही. ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा. त्याहून बरं म्हणजे पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकावर एक चढली तर थंडी, कडेला पळून चोची उघडल्या तर उकाडा, एका बाजूला गोळा झाली तर दुसऱ्या बाजूने वारं शिरतंय. सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही आडवी पडून झोपलीत, हे चित्र बरोबर.

पिल्लं आली त्या रात्री दहा-बारा पिल्लं उचलून गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटांनी चाचपा. मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. टणक लागली तर खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी लागली तर भांडं सापडलेलं नाही. कागदावर भरडा पसरा, उजेड वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ सगळ्यांची पिशवी भरलेली हवी. ब्रॉयलरचं पिल्लू सातव्या दिवशी जन्मवजनाच्या चौपट-पाचपट भरतं. गावठीला ते माप लावू नका, पण सातव्या दिवसाचं वजन वहीत असलंच पाहिजे.

खाद्य: पोत्यावरचं नाव नव्हे, प्रथिनांचा हिशेब

माझी चूक आधी सांगतो. घरची सोयाबीन होती, भाव पडलेला होता, आणि "सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर" हे वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं. कच्ची सोयाबीन गिरणीतून भरडून आणली आणि मक्यात मिसळून तीन आठवड्यांच्या पिल्लांना सुरू केली. पिल्लं खात होती, पाणी पीत होती, विष्ठा मात्र पातळ, आणि काटा जवळजवळ जागेवर. दोन आठवडे मी औषधं शोधत राहिलो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवणारा घटक असतो. पिल्लू खातं, पण अंगी लागत नाही, आणि त्याचं स्वादुपिंड जास्त रस करून करून सुजतं. उष्णता दिली की हा घटक मोडतो. तेल काढून उरलेल्या पेंडीला, म्हणजे डीओसीला, कारखान्यातच ती उष्णता मिळालेली असते. घरची सोयाबीन वापरायची तर फुटाणे भाजतात तशी कढईत वाळूवर भाजा. कच्चा हिरवट वास जाऊन खमंग वास सुटला पाहिजे, आणि दाणा चावला तर उग्र चव राहता कामा नये. माझी ती पिल्लं पुढे सुधारली, पण बरोबरच्या तुकडीला गाठू शकली नाहीत.

हिशेब असा करायचा. मक्यात प्रथिनं साधारण ९ टक्के, सोया डीओसीत ४५, राईस पॉलिशमध्ये (तांदूळ सडताना निघणाऱ्या बारीक कोंड्यात) १२, ज्वारीत १०. सुधारित गावरान पिल्लांना पहिले सहा आठवडे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं हवीत, पुढे १६ ते १८.

पिल्लांसाठी १०० किलो: मका ५६, डीओसी ३३, पॉलिश ७, आणि खनिज मिश्रण, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पूड), चुनखडी, मीठ, जीवनसत्त्वं मिळून ४. मक्यातून ५ किलो, डीओसीतून १४.८, पॉलिशमधून ०.८, एकूण साडेवीसच्या वर.

मोठ्या तलंगांसाठी १०० किलो: मका ५८, डीओसी २४, पॉलिश १४, खनिजं वगैरे ४. प्रथिनं साडेसतराच्या पुढे.

मका-सोयाच्या खाद्यात सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो मेथिओनीन या घटकाचा. जीवनसत्त्वांच्या मिश्रणाबरोबर तो वेगळा विकत मिळतो, प्रमाण पाकिटावर असतं. तो वगळून केलेली बचत पिसांच्या आणि वजनाच्या रूपाने वसूल होते.

मका घेताना चार दाणे दाताखाली धरा. कट्कन फुटले पाहिजेत. दबले तर ओलावा जास्त, आणि ओल्या मक्यावर बुरशीचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसेलच असं नाही, पक्षी लगेच मरतोच असंही नाही. यकृत बिघडतं, वाढ खुंटते, लस दिली तरी अंगी लागत नाही. पावसाळ्यात भुईमुगाच्या पेंडीचीही हीच भीती. खानदेश-विदर्भात सरकी पेंड हाताशी असते म्हणून घातली जाते. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे वाढ मंदावते आणि साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो. ती गायी-म्हशींनाच राहू द्या.

दुसरी चूक, एकच पोतं सगळ्यांना. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियम पिल्लाच्या मूत्रपिंडावर येतं. मोठ्या कोंबड्यांसाठी शिंपल्याची ग्रिट, म्हणजे जाडसर चुरा, वेगळ्या भांड्यात ठेवा. हवी ती खाईल.

अझोल्याबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या हिरव्या वनस्पतीबद्दल, जरा स्पष्ट बोलतो, कारण त्याची जाहिरात फार झाली आहे. ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. किलोभर ताजा अझोला म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम कोरडा माल, आणि त्यात प्रथिनं बारा-पंधरा ग्रॅम. तेवढी तर तीस-पस्तीस ग्रॅम डीओसीत मिळतात. जोडीला हिरवं म्हणून जरूर घाला, पण पेंड कमी करून त्या जागी नको.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना उकिरडा, शेताचा बांध, सांडलेलं धान्य यातून बरंच मिळतं, पण ते हंगामावर आहे. पावसाळ्यात किडे भरपूर, सुगीत दाणे भरपूर, एप्रिल-मे मध्ये दोन्ही नाहीत. तेव्हा संध्याकाळी खुराड्यात घेताना पक्ष्यामागे ३० ते ५० ग्रॅम खाद्य द्या. दाण्यांची कमतरता क्वचितच असते, कमी पडतात ती प्रथिनं. मडक्यात शेण आणि वाळका पाचोळा भरून ओलं करून वारुळाजवळ पालथं ठेवलं की वाळवी चढते. सकाळी मडकं पिल्लांपुढे उपडं करायचं. फुकटचं आणि उत्तम.

जागा: एकच पिल्लं, दोन गावं

एकदा एकाच हॅचरीची, एकाच दिवशी निघालेली पिल्लं मी निम्मी माझ्याकडे नाशिकच्या बाजूला ठेवली आणि निम्मी चिपळूणला मावशीकडे दिली. खाद्यही इथूनच पाठवलं. ऑगस्ट महिना होता. दीड महिन्याने मावशीचा फोन: "अरे, तुझी पिल्लं खातात राक्षसासारखी आणि दिसतात चिमणीएवढी." गेलो. शेडमध्ये वाकल्यावर डोळे चुरचुरले. तुसाचं लिटर मुठीत दाबलं तर लाडू वळला. मावशीने पाऊस आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री जमिनीपर्यंत सोडली होती. अमोनिया कोंडलेला, ओल्या लिटरमध्ये रक्ती हगवणीचे जंतू वाढलेले, आणि आतडी बिघडलेल्या पिल्लांचं अर्धं खाद्य खालून जात होतं. पशुवैद्यकाकडून औषध आणलं, ओलं लिटर काढून कोरडा तूस टाकला, ताडपत्रीचा वरचा दीड फूट मोकळा केला. महिन्याभरात पिल्लं भरायला लागली.

लिटरची कसोटी तीच: मुठीत दाबून सोडलं की भुरभुरलं पाहिजे. आणि वास उभ्याने घेऊ नका. खाली बसून, नाक पिल्लाच्या उंचीवर आणून घ्या.

कोकणात शत्रू ओल, तर विदर्भ-खानदेशात ऊन. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळात ४१ अंशांच्या पुढे असते आणि तिला घाम येत नाही. चंद्रपूर, अकोला, जळगावला पारा ४४ वर गेला की अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे धापणं एवढंच उरतं. धापताना ती खात नाही, म्हणून उन्हाळ्यातल्या तुकड्या हलक्या भरतात. खाद्य पचतानाही उष्णता निघते, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार-पाच खाद्य काढून घ्या. पहाटे आणि संध्याकाळी द्या. पाणी मात्र क्षणभरही थांबता कामा नये, आणि पत्र्यावरची टाकी झाकलेली हवी. त्या टाकीतल्या नळाखाली दुपारी दोन वाजता स्वतः हात धरून बघा.

इथे गावागावाचा फरक समजून घ्या. ओली गोणपाटं लावणं, फवारे सोडणं ही विदर्भातल्या कोरड्या हवेत कामाला येणारी युक्ती. कोकणात मे महिन्यात हीच केली तर हवा आणखी दमट होते आणि धापूनही अंग निवत नाही. तिथे वारा हवा: शेड उघडी, पंखे, आणि पक्षी कमी. उघड्या मानेच्या कोंबड्या उष्ण भागात बऱ्या टिकतात त्याचंही कारण हेच. त्या जनुकामुळे अंगावरची पिसं कमी होतात आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे रक्त निवडतानाच जागेचा विचार झालेला बरा.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. रुंदी तीस फुटांच्या आत, म्हणजे वारा आरपार जातो. छपराचं पाखं तीन फूट बाहेर.

आमच्या बाजूचा त्रास वेगळा. निफाडला जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी पडते. पक्षी खातो भरपूर, पण खाल्लेलं अंग गरम ठेवण्यात जातं. पडदे रात्री लावा, वरची फूटभर फट ठेवा, सकाळी ऊन आलं की उघडा. फार उंच डोंगरांवर, अँडीजसारख्या, विरळ हवेमुळे झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या पोटात पाणी होतं. सह्याद्री तेवढा उंच नाही, पण कडाक्याच्या थंडीत ब्रॉयलरला हा त्रास कमी उंचीवरही होऊ शकतो.

शंका उरलीच तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. चाळीस पक्षी घ्या, वजनाप्रमाणे जोड्या लावून वीस-वीसचे दोन गट करा, म्हणजे दोन्हींची सरासरी सारखी येईल. पायात दोन रंगांच्या, आकडे असलेल्या कड्या घाला. एकाच शेडमध्ये मधे जाळी लावून ठेवा, एकाला जुनं खाद्य, दुसऱ्याला नवं. दोघांचं खाद्य तोलून द्या आणि उरलेलं तोलून काढा. तीन आठवड्यांनी फक्त वजन बघू नका. एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागलं ते बघा. नव्या खाद्यावर वाढ थोडी जास्त पण खाद्य दीडपट लागलं, असंही होतं. दोन्ही गट सारखेच हलके राहिले तर दोष खाद्यात नाही. पुन्हा लिटर, पाणी, जंत आणि पावतीवरची जात यांकडे वळा.

त्या कड्या काढून टाकू नका. बाराव्या आठवड्यात सगळ्यात जड, पण पाय सरळ आणि पिसं भरलेली अशा पाच-सहा गावठी तलंगा पुढच्या उबवणीसाठी त्यांच्यावरूनच निवडता येतात. कोंबडा मात्र दोन गावांपलीकडचा.